लुगोच्या तटबंदीबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

आमच्या दादरच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, की स्पेनमधल्या लुगोची तटबंदी फक्त खालून बघता येते, वर जायला तिकीट लागतं आणि लुगोपासून सांतियागोला, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध ख्रिस्ती यात्रेच्या शहराला, चालत गेलं तर यात्रेचं सर्टिफिकेट मिळत नाही. मंडळी, तिन्ही गोष्टी चूक आहेत, कृपया पुढे ढकलू नका.

तिसऱ्या शतकातली रोमन भिंत, घेर 2 किलोमीटरपेक्षा जास्त, 10 दरवाजे, आणि वर जायला एक पैसा लागत नाही. मी स्वतः पूर्ण फेरी मारलीय, पाटीच्या दगडाची भिंत, वर एवढी रुंद वाट की गावातले लोक सकाळी तिथेच जॉगिंग करतात, एका बाजूला थेट लोकांच्या गॅलऱ्या दिसतात. आपल्या फोर्टची भिंत 1860च्या दशकात पाडली, चर्चगेट नाव तेवढं उरलं, म्हणून मला तर तिथे फार भरून आलं.

सर्टिफिकेटला सांतियागोपर्यंत किमान 100 किलोमीटर पायी लागतात, लुगो त्यात बसतं. फक्त यात्रेकरूंच्या पासपोर्टवर (शिक्क्यांची पुस्तिका, आपला नेहमीचा पासपोर्ट नव्हे) रोज 2 शिक्के घ्यायला विसरू नका.