खोटं पहिल्या पानावर, खुलासा आठ वर्षांनी

"हल्ली मीडिया विकला गेलाय, पूर्वी असं नव्हतं" हे ऐकलं की मला राहवत नाही. पूर्वी म्हणजे नक्की कधी? इ.स.पू. १२७४ च्या सुमारास कादेशची लढाई अनिर्णित राहिली, तरी इजिप्तचा राजा दुसऱ्या रामसेसने देवळांच्या भिंतींवर आपला दणदणीत विजय कोरून घेतला.

राजा स्वतःचे पोवाडे रचून घेणारच. मला छळते ती १९१७ सालची गोष्ट. पहिलं महायुद्ध चालू होतं. एप्रिलमध्ये लंडनच्या 'टाइम्स' आणि 'डेली मेल'ने छापलं की जर्मन लोक आपल्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं कारखान्यात नेऊन त्यांची चरबी काढतात. प्रत्यक्षात तिथे जात होती मेलेली जनावरं. बातमी जगभर गेली. जर्मनीने इन्कार केला, तो कोण ऐकणार? ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी तो इन्कार संसदेत मान्य केला १९२५ मध्ये. युद्ध संपून सात वर्षं उलटली होती.

आणि याची किंमत चुकवली भलत्यांनीच. १९४३ मध्ये, पोलंडमध्ये नाझी ज्यूंना ज्यात मारत होते त्या गॅस चेंबर्सच्या बातम्या लंडनला पोचल्या, तेव्हा ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने त्यांची तुलना थेट त्या चरबीच्या कथेशी केली. या वेळी बातमी खरी होती. माणसं खरोखर मरत होती. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

न छापणं हाही तेवढाच मोठा गुन्हा. मार्च १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हा तरुण वेल्श पत्रकार युक्रेनच्या खेड्यांतून पायी फिरला आणि तिथल्या दुष्काळाची हकीकत त्याने जगाला सांगितली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॉस्कोतले वार्ताहर वॉल्टर ड्युरँटी यांनी लगेच ती खोडून काढली. लोक भुकेले आहेत, पण भूकबळी नाहीत, असा त्यांचा सूर. ड्युरँटींना १९३२ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक मिळालं होतं, ते अजूनही काढून घेतलेलं नाही.

इराकच्या अण्वस्त्रांच्या आणि रासायनिक शस्त्रांच्या बातम्यांचं तेच. २००३ च्या इराक युद्धाआधी मथळे पहिल्या पानावर होते. २००४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या बातमीदारीत त्रुटी राहिल्याचं कबूल केलं, ते मात्र आतल्या पानावर.

माझी मागणी साधी आहे. ज्या जागी चूक छापली, त्याच जागी, त्याच आकाराच्या मथळ्याखाली दुरुस्ती छापा. चॅनेलने रात्री नऊ वाजता खोटं सांगितलं असेल तर खुलासाही रात्री नऊलाच दाखवा, खालून सरकणाऱ्या पट्टीत नको. बातमी कुणाची, सरकारची की पीआर कंपनीची, हेही तिथेच सांगा.