पातेऱ्याला काडी लावण्याआधी

आज सकाळी शेजारच्या परड्यात पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, पेटवला. माडाखालचा, फणसाखालचा सगळा ओढून गडग्याच्या, चिऱ्यांच्या कुंपणाच्या, बुडाशी ढीग केला आणि दिली काडी. मी धावत पोचले तोवर निम्मा जळला होता. काठीने राख सारली तर आत एक भेक. पाय पोटाशी घेतलेले, पाठ काळी, कडक.

"बेडूकच तो, त्यात काय!" असं ऐकून घेतलं वर.

तंगड्या परदेशी विकायच्या धंद्यापायी बेडूक संपतायत हे देशाला कळलं, १९८७ साली निर्यात बंद झाली. आपल्याला आपल्या परड्यातलं कधी कळायचं?

लहानपणी पौषात आजी गडग्याचा ढासळलेला कोपरा रचत होती. मी एक चिरा उचलला. खाली ओल्या मातीत बेडूक, डोळे मिटलेले, अंगाला लाल माती. मी किंचाळले. आजी म्हणाली, "झाक तेका. मिरगाक उठतलो." चिरा माझ्याकडून नीट बसेना, तर हातातलं काम टाकून तिने बसवला.

परदेशात बागेतल्या बेडकांसाठी लाकूड-दगडांचे ढीग रचतात, ते बर्फाच्या थंडीसाठी. आपल्या वेंगुर्ल्यात थंडीने कोण मरतंय? इथे मारतो तो सुकेपणा. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यासाठी ती ओली लागते. पाऊस गेला की थेट मिरगापर्यंत सात-आठ महिने कुठेतरी ओल धरून बसायचं. ती ओल पातेऱ्याखाली असते, गडग्याच्या फटीत असते. आपण पातेरा जाळतो, गडगा पाडून सिमेंटचं कंपाउंड घालतो. आजीला हे सांगावं लागलं नव्हतं हो!

बेडकांमागे साप येतात म्हणाल. येतात. म्हणून घराच्या जोत्याला लागून काही करू नका. वणव्याची भीतीही खरी आहे, पण त्यासाठी पातेरा एका कोपऱ्यात ओढून ठेवला तरी पुरतं.

दुपारी राग जाईना म्हणून कुदळ घेतली. चिकूच्या सावलीत, पावसाचं पाणी तुंबणार नाही अशा जागी बेडकांसाठी दीड फूट खड्डा. तळाला जांभ्याचे तुकडे, आडवेतिडवे, मध्ये बोटं जातील एवढ्या फटी. जांभा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. त्यावर कुजका ओंडका, नारळाची सोडणं, वर माती आणि पातेरा. एका बाजूला आत शिरायला वाट. चुना नको, सिमेंट नको, मोरीचं साबणाचं पाणी तर अजिबात नको, कातडी भाजते त्यांची. आठवड्याला दोन तांबे साधं पाणी.

सकाळचा भेक तिथेच बाजूला पुरला. वाळवी नि मुंग्या खाऊन जगणारा जीव, कोणाचं काय घेतलं होतं त्याने?

संध्याकाळी शेजारची काकी गडग्यापलीकडून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आमच्याकडे फुटके चिरे पडलेत, होये तर घेवन जा."

चार आणले. मोठा वाटेच्या तोंडावर ठेवला. दोनदा डुगडुगला, तिसऱ्यांदा बसला.