शिंदळ माकुडी ‘वाचवायला’ निघालेल्यांसाठी

‘शिवनेरीवर 12 वर्षांतून एकदा फुलणारी शिंदळ माकुडी! परक्यांनी नावातून भारत पुसला. जगात मोजकीच उरली आहे. दिसली तर मुळासकट आणा, घरी लावा, वाचवा.’ हा निरोप मावशीपर्यंत पोचला आणि तिने कुंडीसुद्धा भरून ठेवली. आता गप्प बसणं शक्य नाही.

12 वर्षांनी फुलण्याची गोष्ट दक्षिणेतल्या नीलकुरिंजी या झुडपाची. शिंदळ माकुडी ही कड्यांवरची छोटी वनस्पती दरवर्षी फुलते, पावसाळा सरता सरता. गडद तांबडं, पिवळ्या डागांचं, जेमतेम दोन सेंटीमीटरचं फूल.

नावाचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकातल्या डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेलं तिचं मूळ वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात, आठव्या खंडात आहे. ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव त्यानेच दिलं: फ्रेरिया मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रेअरवरून, आणि ‘इंडिका’, म्हणजे भारतातली, हेही डाल्झेलनेच दिलेलं. 1958 मध्ये रौली या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती कॅरालुमा या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, genus) हलवली. तिथे ‘इंडिका’ आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेलं होतं. एका प्रजातीत एकच नाव दोघींना चालत नाही, म्हणून ‘फ्रेरेई’, पुन्हा फ्रेअरवरूनच. आज बरेच जण तिला बौसेरोशिया या प्रजातीत धरून बौसेरोशिया फ्रेरेई लिहितात. यात कसलं कारस्थान?

दुर्मीळ आहे, हे कबूल. 1980 च्या दशकात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने लक्ष वेधण्यासाठी निवडलेल्या बारा वनस्पतींत ती होती. पण त्यानंतर सह्याद्रीत आणखी ठिकाणं सापडली आहेत. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या करड्या, मांसल कांड्या उरतात. त्या न ओळखून ‘संपली’ म्हणणारे दरवर्षी भेटतात.

आणि आता ते ‘मुळासकट आणा’. ही उभ्या बेसॉल्टच्या भेगेत, चिमूटभर मातीत रुजते. ओढली की मुळं तुटतात, माती खाली जाते, त्या भेगेत पुन्हा बी धरणं अवघड होतं. घरी आणल्यावर मुळांच्या जखमा ओल्या, त्यात शेणखताची काळी माती आणि रोजचं पाणी: बुंधा काळा पडून कुजतो. कुणाला लावायचीच असेल तर रोपवाटिकेतल्या झाडाची बोटभर फांदी पुरते. काप सावलीत आठवडाभर सुकवायचा, जाड वाळू-खडीत खोचायची, आणि पानं गळाली की पाणी जवळजवळ बंद. मात्र एका झाडाच्या दहा फांद्या लावल्या तरी ते एकच झाड असतं. कड्यावरची विविधता कुंडीत येत नाही.

हे निवडुंग तर नाही, अशी शंका आली तरी चीक निघतो का बघायला फांदी मोडू नका; पावसात जाड, लांबट पानं आणि गोल, बिनकाट्यांची कांडी पुरेशी ओळख आहे. फोटो फुलाचा समोरून, एक बाजूने, एक पान-कांडीचा, एक कड्याचा. ऑनलाइन नोंद केलीत तर तिच्यात नेमकी जागा उघड करू नका, म्हणजे उपटणारे तिथे पोचणार नाहीत, आणि मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका: फोनने जागा नोंदवली असेल तर ती फोटोसोबतच पुढे जाते.