बॅग नंतर भरा, आधी मुलीला मंडईत न्या

आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी ऑक्टोबरात जर्मनीला शिकायला चालली आहे. परवा काकू यादी घेऊन आल्या. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, पाच किलो कणीक, घरचं तूप आणि निघायच्या दिवशी ताजा कढीपत्ता. "तू चार वर्षं काढलीस तिकडे, बघ गं काही राहिलंय का." वाचताना मला भरून आलं. माझ्या आईनेही अशीच यादी केली होती, तिच्या अक्षरातला तो कागद अजून माझ्याकडे आहे. पण काकूंना मनापासून जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण सध्या पुण्यात किती तरी घरांत अशा बॅगा भरल्या जात असतील.

तूप आणि कढीपत्ता आधी बाहेर काढायला लावला. युरोपियन युनियनमध्ये भारतातून जाताना दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. पेढे, श्रीखंडही त्यातच आलं. ताजी पानं, फळं, भाज्या न्यायच्या तर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. नारळ, केळी, अननस, खजूर यांना त्यातून सूट आहे. म्हणजे नारळ जाईल, हापूस जाणार नाही.

आता कणीक. पाच किलो कणीक एकट्या मुलीला महिना-दीड महिना पुरेल. पुढे काय? स्टुटगार्टला माझी कणीक संपली तेव्हा मी समोर दिसलं ते गव्हाचं पीठ उचललं. पोळ्या पांढऱ्याफटक आणि वातड झाल्या. त्या रात्री मी जेवले नाही, फोनवर आईला सांगितलंही नाही. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात पुड्यांसमोर उभी होते, तर एका आजींनी माझ्या हातातला पुडा घेऊन त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं : ४०५. मग शेजारचा पुडा काढून दाखवला : १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, त्यावरून तो आकडा ठरतो. कोंड्यात क्षार जास्त, म्हणून आकडा मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ आपला मैदा. हे कळल्यावर मी १०५० घेऊन त्यात अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळायला लागले आणि पोळी पोळीसारखी झाली. चार वर्षं मला त्या आकड्याने जेवू घातलं.

बाकीचं हळूहळू जमलं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी दुपारीच भाजी आणायची. ट्रॉलीसाठी खिशात एक युरोचं नाणं ठेवायचं. रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या फेकायच्या नाहीत, मशीनमध्ये परत दिल्या की बाटलीमागे २५ सेंट मिळतात. कोथिंबीर घेताना पान चुरून वास घ्यायचा, नाहीतर तशीच दिसणारी पार्सली घरी येते. तुर्की दुकानात मसूर डाळ मिळते, कोथिंबिरीच्या भल्यामोठ्या जुड्या मिळतात, आणि पाणी काढलेलं घट्ट दही मिळतं, त्याचं श्रीखंड उत्तम होतं. तिथला दुकानदार तीन-चार महिन्यांनी माझ्यासाठी एक जुडी बाजूला ठेवायला लागला. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते गाव आपलं वाटलं. बॅगेतल्या मसाल्याने जे झालं नव्हतं ते त्या जुडीने झालं.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलांसोबत सामान कमी द्या, पण त्यांना बाजार करायला शिकवून पाठवा. तिकडे सगळं मिळतं. आपल्या मुलांनी इकडेच कधी बाजार केलेला नाही, खरी अडचण ती आहे. अ‍ॅपवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत भाजी दारात. हा मुलांचा दोष नाही, आपण त्यांना कधी पिशवी घेऊन पाठवलंच नाही. अभ्यास आहे, क्लास आहे, राहू दे म्हणालो.

काकूंची मुलगी हुशार आहे, जर्मन छान बोलते. रविवारी तिला घेऊन महात्मा फुले मंडईत गेले. १८८६ पासून उभी असलेली ही वास्तू तिने रिक्षातूनच पाहिलेली. भेंडीचं टोक मोडून बघतात हे तिला माहीत नव्हतं. मी एक मोडून दाखवली, कट्कन तुटली. दुसरी तिने मोडली, ती नुसती वाकली. "ही जून," ती स्वतःच म्हणाली आणि बाजूला ठेवली. मग एकेक भेंडी बघून तिने पाव किलो निवडली, भाजीवाल्या मावशी न रागावता थांबल्या आणि वर चार मिरच्या टाकल्या. मोकळी तूरडाळ आणि हरभराडाळ शेजारी ठेवून ओळखायला मात्र तिला वेळ लागला.

पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहोत. या खेपेला भाव तिने विचारायचा, पैसेही तिनेच मोजून द्यायचे. काकूंनी यादीतली कणीक दोन किलोवर आणली आहे. गोडा मसाला तेवढा राहू द्या म्हणाल्या, आणि तो मीही राहू दिला.