सीबीसी नॉर्मल, म्हणून गोळी बंद?

“ब्लड कॅन्सरच्या पेशंटनी सावध व्हा! सीबीसी नॉर्मल आला की महागडी पीसीआर करू नका, ती लॅबच्या कमिशनसाठी असते. गोळी बंद करून पपईच्या पानांचा रस घ्या. जनुकाची तपासणी लावतात म्हणजे आजार मुलांनाही होणार, हे लपवलं जातं.” हे फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या आत्याकडे पोचलं. तिला सीएमएल, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर आहे; त्यावर इमॅटिनिबची गोळी चालू आहे. परवा फोनवर म्हणते, “अरे, रिपोर्ट नॉर्मल आहे की माझा. मग गोळी कशाला?”

तर आधी सीबीसीचं. सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी पेशी मोजते; त्यातल्या कॅन्सरच्या किती, हे त्याला कळत नाही. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जोडजनुक बनतं. पीसीआर तेच शोधते आणि मोजते. पांढऱ्या पेशी जंतुसंसर्गाने वाढल्यात की सीएमएलने, याचा निकालही या जनुकावरच लागतो. गोळी सुरू झाली की सीबीसी लवकरच ताळ्यावर येतं. खरी परीक्षा पुढेच: पीसीआरमधलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ३ महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, वर्षाने ०.१ टक्का किंवा कमी. आत्याचा मागचा आकडा ०.२८ टक्के होता. त्याच दिवशीचं सीबीसी? एकदम नॉर्मल! हा आकडा चढू लागला तर गोळ्या चुकताहेत की या जनुकात टी३१५आय नावाचं उत्परिवर्तन (बदल) झालंय, ते बघावं लागतं. या बदलापुढे इमॅटिनिबचं काही चालत नाही. सीबीसी बिघडायची वाट बघायची म्हणजे आजाराला मोकळं रान.

पपईबद्दल काय बोलायचं? आयरिस नावाच्या औषध-चाचणीत इमॅटिनिब घेणाऱ्यांचं १० वर्षं जगण्याचं प्रमाण ८३.३ टक्के निघालं. रसाचा असा एक तरी आकडा दाखवा.

वारसा? हा बदल जन्मानंतर अस्थिमज्जेतल्या एका पेशीत होतो, मुलांकडे जात नाही. विषय संपला.

कमिशनची कट प्रॅक्टिस आहे, नाकारत नाही. मग लॅब बदला, फक्त आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर रिपोर्ट देणारी बघा.

आणि हो, काहींची गोळी थांबवता येते, हेही खरं. फ्रान्सच्या स्टिम अभ्यासात पीसीआरमध्ये किमान २ वर्षं काहीही न सापडलेल्या १०० जणांची गोळी थांबवली. निम्म्याहून जास्त जणांत आजार परतला, बहुतेकांत पहिल्या ६ महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू करून तो आटोक्यात आणता आला, कारण पहिलं वर्षभर दर महिन्याला त्यांची पीसीआर होत होती.