श्वासाच्या यंत्राने स्मॅशची उडी वाढत नाही

‘रोज पाच मिनिटं या यंत्रातून श्वास ओढा; फुफ्फुसं मोठी होतात, डोंगरावर सराव केल्याचा फायदा मिळतो आणि महिन्याभरात उडी वाढते.’ व्हॉलीबॉलवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. सोबत फोटो मात्र मास्क बांधून पळणाऱ्याचा! यंत्र म्हणजे तोंडात धरून श्वास ओढायचं छोटं उपकरण; मास्क वेगळा.

मास्कचं आधी उरकू. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून रक्ताला ऑक्सिजन कमी मिळतो. काही आठवडे तिथे राहिलं की शरीर तांबड्या पेशी वाढवतं. मास्क फक्त हवेची वाट अरुंद करतो. बाहेरचा दाब आहे तेवढाच राहतो, म्हणून डोंगराचा फायदा ना मास्कने मिळतो, ना यंत्राने.

आता फुफ्फुसं. श्वास ओढण्याचं काम श्वासपटल (फुफ्फुसांखालचा पडद्यासारखा स्नायू) आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. यंत्रातली झडप स्प्रिंगने दाबून धरलेली असते; ठरावीक जोर लावल्याशिवाय ती उघडत नाही. नेहमीचा कार्यक्रम असा: आपल्या कमाल जोराच्या निम्म्यावर 30 श्वास, दिवसातून दोनदा, साधारण 6 आठवडे. त्याने हे स्नायू बळकट होतात, हे खरंच आहे. धडधाकट खेळाडूच्या फुफ्फुसांचा आकार मात्र जवळपास तेवढाच राहतो.

राहिली उडी. स्मॅशर तीन-चार पावलं धावत येतो, शेवटचं पाऊल रोवतो, दोन्ही हात मागून वर झोकतो आणि क्षणार्धात जमीन सोडतो. एवढ्यापुरती ऊर्जा स्नायूंत आधीच साठलेली असते. श्वास रोखून मारली तरी उडी तेवढीच जाते. पुरुषांच्या 2.43 मीटरच्या नेटवर हात न्यायचा तर मांड्या, नितंब, पोटऱ्या आणि टायमिंगवर घाम गाळा.

मग हे यंत्र कुणाच्या कामाचं? दीर्घकाळ जोराने धापा टाकून श्वासाचे स्नायू थकले की शरीर पायांकडचा रक्तपुरवठा आवळतं. म्हणून रोइंग, सायकलिंगमध्ये याचा थोडा फायदा दिसलाय. व्हॉलीबॉलची रॅली बहुतेकदा काही सेकंदांत संपते, पुढच्या सर्व्हिसपर्यंत उसंत मिळते. लांबलेल्या पाचव्या सेटमध्ये दम कमी लागल्यासारखं वाटेलही. तेवढ्यासाठी कुणी वापरत असेल तर माझी हरकत नाही.

‘पण आमच्या पोरांची उडी खरंच वाढली!’ असेल. त्याच महिन्यात स्क्वॉट आणि जंपचा सरावही चालू होता ना? पारख करायची तर निम्म्या टीमच्या यंत्राची स्प्रिंग जवळजवळ सैल ठेवा, कुणाची ते सांगू नका, बाकी सराव सगळ्यांना सारखा द्या आणि आधी-नंतर भिंतीवर खडूने उडी मोजा.