मालक केव्हाही आत येऊ शकतो म्हणे!

"घर मालकाचं, तो स्वतःचं सामान तिथे ठेवू शकतो, बघायला केव्हाही येऊ शकतो, अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करायची गरज नाही आणि त्यावर भाडेकरूला कसलाच हक्क नसतो." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, पण काल माझ्या मावसबहिणीला तो तिच्या घरमालकानेच पाठवला. पुण्यात टू बीएचकेचं पूर्ण भाडं भरते ती, आणि एका बेडरूममध्ये मालकाची दोन कपाटं, दिवाण, खोकी. मलाच विचारते, "ताई, खरंय का गं हे?"

अजिबात नाही.

"केव्हाही येऊ शकतो" वाचून तर डोकंच फिरलं. गेल्या महिन्यात ती आंघोळीला गेलेली आणि हा माणूस स्वतःच्या चावीने दार उघडून आत, का तर कपाटातले कागद हवे होते! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 28 बघा. मालकाला घराची पाहणी करता येते, पण आधी नोटीस देऊन आणि वाजवी वेळी, आणि हे लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीवर, दिलेल्या घरालाही लागू आहे. घराची पाहणी करायला जर आधी कळवावं लागतं तर कपाट उघडायला न सांगता घुसायचा हक्क कुठून आला? एकटी बाई राहते तिथे!

रजिस्ट्रेशनचं तर साफ खोटं. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची. केला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हिचा करार तोंडीच आहे, म्हणजे "ती बेडरूम भाड्यात नव्हती" हे आता त्याने सिद्ध करायचं.

एक मान्य करावं लागेल. लायसन्सवर राहणाऱ्याची मुदत संपली की घर सोडावंच लागतं, नाहीतर दुप्पट दराने नुकसानभरपाई (कलम 24). आणि करारात ती खोली वगळली असं लिहिलेलं असेल तर सामान राहणार, तेव्हा सही करायच्या आधी वाचा.

भाडेकरूने सामान हलवा म्हटलं म्हणून मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही, कलम 29.

तिला सांगितलंय, रागाने त्याचं काही बाहेर टाकू नकोस, ते तुझ्यावरच उलटेल. खोलीचे फोटो काढ, सामान कधीपर्यंत नेणार ते लेखी विचार, नेणार नसेल तर भाडं कमी करून माग आणि आतून कडी लावत जा.